गुलाबी चौकोन

श्रावण लागला तसा आईने कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू निवडून डब्यात भरला. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, त्यात माझीही. नागपंचमी झाली आणि गावी, कळसाडीत, भावकीतले एक आजोबा गेले. दहा दिवसांचं सुतक, आणि कानबाई बसवायचा रविवार नेमका त्यातच. आईचा फोन आला, "यंदा आपल्याकडे कानबाई बसणार नाही रे." आवाजात हळहळ होती, अपराधीपणा नव्हता.

पुण्यात मी एअरफ्लो सांभाळतो. रात्री कोणतं काम कशानंतर चालवायचं, हे बघणारी ही यंत्रणा. २०१४ साली एअरबीएनबीत सुरू झालेली. तिच्या पडद्यावर झालेल्या कामाचा चौकोन हिरवा, फसलेल्याचा लाल, आणि अट जुळली नाही म्हणून सोडून दिलेल्याचा गुलाबी. एक काम सोडलं की, वेगळा नियम लिहिलेला नसेल तर, त्याच्यावर अवलंबून असलेली पुढचीही गुलाबी होत जातात. सुतक असंच भावकीभर उतरतं. सुरतेच्या चुलतभावाकडेही रोट नाहीत. लग्न होऊन गेलेल्या चुलतबहिणीकडे मात्र कानबाई बसली. तिचा नियम वेगळा.

पण सोडलेलं सगळं सारखंच का? वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी याचा कीस काढलाय. जैमिनीच्या सूत्रांचा दहावा अध्याय 'बाधा'वर आहे, म्हणजे विधीतलं काय कधी गळतं यावर. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. दीर्घायुष्यासाठी करायच्या एका इष्टीत, म्हणजे छोट्या यज्ञात, तांदळाऐवजी सोन्याचे शंभर गुंजाएवढे दाणे येतात. मूळ विधीत भात कांडायचा असतो, तूस निघावं म्हणून. सोन्याला कुठलं तूस? म्हणून कांडण गळतं. शिजवणं मात्र राहतं, कारण हे दाणे तुपात शिजवा असं वचनच आहे. सोनं काही मऊ होत नाही, तरी शिजवायचं!

आमच्या घरचं प्रकरण याहून वेगळं. कानबाईचं प्रयोजन संपलेलं नाही, करणाऱ्यांचा अधिकार दहा दिवस थांबलाय. दोन्हींचा रंग गुलाबीच, पण एकात कामाची गरज नाही आणि दुसऱ्यात गरज तशीच शिल्लक आहे.

तिसरा प्रकार माझा. एकदा मी अट लिहिली : फाइल आली नाही तर सुट्टी समजून पुढचं सोड. सुट्टी नव्हतीच, फाइल वाटेत अडकली होती. चार दिवस सगळं गुलाबी राहिलं आणि कुणी बघितलं नाही. लाल असतं तर पहिल्याच रात्री फोन वाजला असता. काम फसलं होतं आणि मी त्याला 'सोडलं' म्हणत होतो.

हे आईला जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग गेल्या साली तू आला नाहीस, ते कशात धरायचं?"

गेल्या साली सुतक नव्हतं. रजाही मिळाली असती, मी मागितलीच नव्हती. तिने मात्र माझी सव्वा मूठ मोजली होती आणि त्याचा रोट माझ्या वाटचा म्हणून वडिलांना वाढला होता.

या रविवारी मी कळसाडीला गेलो. शेजारच्या गल्लीत कानबाईची गाणी चालली होती, आमच्याकडे साधी पोळी-भाजी. गव्हाचा डबा फळीवर होता. आईने झाकण उघडून किडा लागला नाही ना ते पाहिलं, कडुनिंबाची चार पानं वर टाकली आणि झाकण परत लावलं.