बांध कुणाच्या वाट्याचा?

रोह्यात कुंडलिकेच्या काठाजवळ मामूंचं घर. असरची नमाज आटोपून ते पडवीत बसले होते. भाचा पेणहून आला होता. पेणच्या खारपट्ट्यात त्याची भातशेती. चहा निवत चालला तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता. मोबाईलमधला एक फोटो तो पुन्हा पुन्हा मोठा करून दाखवत होता. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाऱ्या पाण्याकडच्या बांधाला, गेलेली खांड आणि तिच्यावर आडवी धरलेली मोजपट्टी.

भाचा : हा दगड बघा मामू. वाटणीची खूण. खांड दगडाच्या पलीकडे चार हात आहे. म्हणजे चुलतभावाच्या वाट्यात. ती त्यानं बांधायची.

मामू : तो काय म्हणतो?

भाचा : म्हणे, तुझ्या बाजूनं खेकड्यांनी बांध पोखरला, तूच बांध. चार महिने बोलणं बंद आहे.

मामू : चार महिने? अबोल्याची मुदत तीन दिवसांची आहे. त्यातही जो आधी सलाम करील तो चांगला. बरं, अमावास्येला किती दिवस?

भाचा : सहा.

मामू : उधाणाचं पाणी दगड बघून आत शिरतं का?

भाचा : तीच तर अडचण. खारं पाणी आत आलं की दोघांचीही शेतं गेली. दोन-तीन पावसाळे माती धुऊन निघाल्याशिवाय भात नाही. पण मी बांधली, तर उद्या तोच म्हणेल, बघा, स्वतःच्याच वाट्याची बांधली. शुक्रवारी मशिदीत ऐकलं, आपलं बरोबर असूनही जो वाद सोडतो, त्याला जन्नतच्या कडेला घर देण्याची हमी पैगंबरांनी घेतली आहे. आणि तिकडे कुराण सांगतं, न्यायाला धरून ठाम उभे राहा, साक्ष स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध गेली तरी. मी सोडू की उभा राहू?

मामू : ती हदीस अबू दाऊदच्या संग्रहातली. पुढचं ऐकलंस का? थट्टेतही खोटं न बोलणाऱ्याला जन्नतच्या मध्यभागी घर, आणि ज्यानं स्वभाव चांगला केला त्याला सगळ्यात वर. वाद सोडणाऱ्याला कडेलाच.

भाचा : म्हणजे त्याचं मोल कमी?

मामू : म्हणजे ती सुरुवात. बांधही शेताच्या कडेलाच असतो. तो गेला की मधलं शेत कुठलं राहतंय?

भाचा : ऐकायला गोड आहे. पण ज्याचं बरोबर, त्यानंच दरवेळी नमतं घेतलं तर आडमुठ्याचंच फावतं. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली लोक चवदार तळ्यावर गेले. त्यांनीही ‘जाऊ दे, वाद नको’ म्हणायचं होतं का?

मामू : मुळीच नाही. जुलमापुढे गप्प बसण्याला सब्र म्हणत नाहीत. पण त्याच वर्षीचा डिसेंबर आठव. माणसं जमलेली, मंडपाला जागा तिथल्या फत्तेखानांनी दिलेली, आणि ऐनवेळी कोर्टाची मनाई. बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा सत्याग्रह थांबवला. दावा मात्र लढवला, १९३७ मध्ये हायकोर्टात निकाल लागेपर्यंत. त्या दिवशी पाऊल मागे घेतलं, पाण्यावरचा हक्क नाही.

भाचा : मग मीही कोर्टात जातो.

मामू : जा की. मोजणी मागव. हक्क मागण्याला कुणी भांडण म्हणत नाही. फक्त एवढं सांग, कोर्टाची तारीख सहा दिवसांच्या आत पडेल का?

भाचा गप्प राहिला. मामूंनी त्याच्यापुढचा गार चहा उचलून आत पाठवला, दुसरा मागवला.

मामू : बुखारीतली एक हदीस आहे. लैलतुल कद्रची पवित्र रात्र नेमकी कोणती, हे सांगायला पैगंबर बाहेर आले. बाहेर दोन माणसं भांडत होती. त्यात ती माहिती उचलली गेली. त्यातही तुमचं काही भलं असेल, असं ते म्हणाले, ते वेगळं. पण आजही आपण रमजानच्या शेवटच्या सगळ्या रात्री जागून ती शोधतो. आता सांग, त्या दोघांत बरोबर कोण होता?

भाचा : हदीसमध्ये ते येत नाही.

मामू : एकाचं तरी बरोबर असेल. पण त्यानं काय फरक पडला?

भाचा : म्हणजे बांधू म्हणता. आणि हक्काचं काय?

मामू : कुराणातली सगळ्यात लांब आयत कशावर आहे?

भाचा : उधारीवर. लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा.

मामू : नमाजवर नाही, रोज्यावर नाही. देण्याघेण्याच्या कागदावर! भांडण रुजायच्या आधीच उपटायचं. तूही लिही : अमुक तारखेला खांड मी बांधली, खर्च इतका आला, हद्द पावसाळ्यानंतर मोजणीनं ठरेल. गावातले दोन साक्षीदार, तुम्हा दोघांच्या सह्या.

भाचा : आणि खांड त्याच्या वाट्यात होती, ही ओळ?

मामू : ती घातलीस तर तो सही करणार नाही. तुझं बरोबर होतं, असं कागदावर कुठेच येणार नाही.

भाचा : (बऱ्याच वेळानं) हे नाही जमायचं.

मामू : का रे? बांध शाबूत, भात शाबूत, मोजणीचा हक्कही शाबूत. मग राहिलं काय?

भाचा : त्यानं कबूल करायला हवं.

मामू : एवढंच राहिलं ना? त्याला हट्ट म्हणतात. इतका वेळ तो हक्काच्या आड बसला होता, म्हणून तुला दिसला नाही.

भाचा काही बोलला नाही.

मामू : ६२८ साली मक्केवाल्यांशी हुदैबियाचा करार लिहिताना ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांवर मक्केच्या सुहैलनं हरकत घेतली. ते खोडायला करार लिहिणाऱ्या अलींचा हात धजेना. पैगंबरांनी स्वतः ते शब्द काढले. राहिलं नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. सोबत्यांना तो कमीपणा वाटला. कुराणानं त्याला उघड विजय म्हटलं.

भाचा : मी काही पैगंबर नाही, मामू.

मामू : म्हणून तर तुला एकच ओळ सोडायला सांगतोय.

भाचा : आणि त्यानं पुढच्या वर्षी पुन्हा हेच केलं तर?

मामू : करीलही. त्याच्या स्वभावाची हमी मी कुठून देऊ? तेव्हा कागद काढ, मोजणी लाव, कोर्टात जा. पण या अमावास्येला तुझं शेत त्याच्या स्वभावावर सोडू नकोस. आणि तुझ्याही.

मगरिबच्या नमाजला अजून अवकाश होता. दुसरा चहा आला, तो मात्र भाच्यानं प्यायला. मग मोबाईल घेऊन तो पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. फोन लागला.

“अस्सलामु अलैकुम,” तो म्हणाला आणि थांबला. पलीकडूनही काही क्षण काहीच आलं नसावं. मग हळूच म्हणाला, “उद्या ओहोटी किती वाजता लागतेय रे? चिखल काढायला दोन माणसं तरी लागतील.”

तो आत आल्यावर मामूंनी विचारलं, “ओहोटीची वेळ तुला ठाऊक नव्हती?”

“होती,” भाचा म्हणाला.