देवाला पहाऱ्यावर बसवावे काय?

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या विजेच्या पेट्या, म्हणजे आपले डीपी, रंगवून परिसर सुशोभित करावा असा विचार आपल्या वसईतही बोलला जातो. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात 1999 पासून सर्वसामान्य नागरिक सिग्नलच्या पेट्यांवर चित्रे काढत आले आहेत. कल्पना चांगलीच आहे. मात्र ती निघाली की एक सूचना हमखास येते : "क्रूस काढा, नाहीतर मारियामातेचे चित्र काढा, म्हणजे कोणी थुंकणार नाही."

मुंबईत जिन्यांच्या कोपऱ्यांत आणि कंपाउंडच्या भिंतींवर अशा टाइल्स आपण पाहतो. गणपती, साईबाबा, शेजारी मशीद आणि क्रूस. सर्वधर्मसमभावाचे इतके स्वस्त प्रदर्शन दुसरीकडे सापडायचे नाही! तिथे कोणी हात जोडावेत अशी लावणाऱ्याची अपेक्षा नसते. येणाऱ्याने घाबरावे एवढीच असते. ही प्रथा बंद व्हावी म्हणून 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, ती फेटाळली गेली. कायद्याची बाजू तशी. सद्सद्विवेकबुद्धीचा प्रश्न मात्र आपल्यापुढे राहतोच.

787 साली निकेया येथे भरलेल्या विश्वपरिषदेने पवित्र प्रतिमांचा मान राखणे योग्य ठरवले. प्रतिमेला दिलेला मान, ती ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो, असे तिचे म्हणणे. मग अपमानाचे काय? घाणीची जागा हेरून आपणच तिथे क्रूस लावायचा आणि त्यावर पिंक पडली की भावना दुखावल्या म्हणून ओरड करायची, हे कितपत प्रामाणिक आहे?

1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या गल्ल्यांतून लोकांनी क्रूस उभारले. तेही रस्त्यावरच होते. पण भ्यालेल्या माणसांनी एकत्र येऊन प्रार्थना करावी म्हणून ते उभे राहिले. टाइलवरचा क्रूस माणसाला हाकलून देतो.

आणि हाकलला जातो तो कोण? थुंकणे ही खोड आहे, तिची गय नको. पण भिंतीशी उभा राहणारा रिक्षावाला किंवा नाक्यावरचा मजूर जाणार कुठे? बाजारात भाजी विकणारी बाई तर दिवसभर पाणीच पीत नाही. भिंतीवर देव लावून झाला की शौचालय मागण्याची गरज आपल्याला वाटेनाशी होते. आम्हांला हेच अधिक टोचते.

तेव्हा पेट्या जरूर रंगवाव्यात. वीज कंपनीची परवानगी घ्यावी. धोक्याची पाटी, पेटीचा नंबर आणि हवेच्या फटी मोकळ्या सोडाव्यात. केळीची बाग काढा, वलांडीवर सुकणारे बोंबील काढा, बुलबुल काढा. समोरच्या घरातल्या मुलांना विचारून काढले तर उत्तम, कारण पुढे राखण तीच करतील. डाग पडला तर पुन्हा ब्रश मारता येतो. आणि परवानगीचा अर्ज द्यायला जाल त्याच दिवशी महानगरपालिकेत नाक्यावरच्या शौचालयाचाही अर्ज द्यावा. आमच्या सह्या तयार आहेत.