बैल गेले, पोळा राहिला

परंपरा कशासाठी पाळायची, हा प्रश्न ती सुरळीत चालू असते तोवर कुणाला पडत नाही. तिचं कारणच नाहीसं झालं की पडतो. आमच्या घरात तो पोळ्याला पडला.

श्रावणी अमावास्येचा पोळा म्हणजे मराठवाडा, विदर्भ, खानदेशात शेतकऱ्याचा मोठा सण. आदल्या सांजेला खांदेमळणी. जू ओढून ओढून बैलाच्या मानेवर घट्टा पडलेला असतो. तिथं कोमट पाण्यानं शेकायचं, हळद-तूप चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण त्याला द्यायचं. दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही. नवी वेसण, नवा कासरा, शिंगांना रंग, अंगावर झूल. वेशीतल्या तोरणाखालून बैल मिरवून आले की दारात ओवाळणी आणि पुरणपोळीचा घास.

यात प्रत्येक वयाला काम होतं. म्हाताऱ्यांनी गोंडे वळायचे, कर्त्यांनी बैल धुवायचे, पोरांनी शिंगं रंगवायची. पिढ्या नुसत्या एका पंगतीला बसल्यानं एकत्र येत नाहीत. एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात जातं, तेव्हा येतात. आजोबा कासऱ्याची गाठ शिकवता शिकवता दुष्काळात घर कसं तगलं तेही सांगून जायचे. एरवी तेवढ्यासाठी कोण कुणाला समोर बसवून घेतो?

मग गावात ट्रॅक्टर आले. थोड्या दिवसांच्या मशागतीसाठी बारा महिने कडबा-पेंड पुरवणं परवडेना. अण्णांनी जोडी विकली. त्या साली ते म्हणाले, “बैलच न्हाईत तर पोळा कुणाचा? ट्रॅक्टरला हार घालू आन मोकळं होऊ.”

आजी म्हणाली, “ज्याच्या मानंवर हे घर उभं ऱ्हायलं, तो गोठ्यात न्हाई म्हणून त्याचं देणं फिटलं व्हय रे?”

दोघांचंही खरं होतं. अण्णांना देखाव्याचा तिटकारा. आजीच्या लेखी पोळा बैलाचा होताच, पण त्याहून जास्त तो आपल्या आठवणीचा होता. शेवटी मातीची जोडी आली. पुण्याहून आलेल्या भावाच्या पोरांनी ती रंगवली आणि आजीला विचारून विचारून जुन्या बैलांची नावं पाठ केली.

पण परंपरा माणसं जोडते तशी एखाद्याला बाजूलाही सारते. पहाटे वैरण आजी टाकायची. आजारी बैलाजवळ रात्री तिनं जागून काढल्या. आजोबा गेले आणि ओवाळणीचं ताट फक्त सवाष्णींच्या हाती राहिलं. आजीला कुणी ‘मागं हो’ म्हटलं नव्हतं. ती आपणच उंबऱ्याआड सरायची, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ते दिसलं पुतणीला. “बैल पणजीनं सांभाळले, मग ती का नाही ओवाळत?”

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ, इतर गावांनीही तसं करावं म्हणून राज्य शासनानं परिपत्रक काढलं. पण गावानं ठराव केला तरी घरात कुणीतरी ताट पुढं करावं लागतं आणि कुणीतरी ते घ्यावं लागतं. आईनं ते आजीपुढं केलं. पहिल्या साली आजी म्हणाली, “नगं माय, लेकराबाळांचं घर हाय.” दुसऱ्या साली तिनं ताट घेतलं. हात थरथरत होता, पण ओवाळलं. त्या दिवशी चुलती न जेवता उठून गेली.

मला राहून राहून याचंच नवल वाटतं. जित्या बैलाच्या जागी माती आली तेव्हा धर्म बुडाला असं कुणी म्हटलं नाही. विदर्भात तर तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, त्याचं कौतुकच होतं. सवाष्णीच्या जागी ज्या बाईनं बैल सांभाळले तीच आली, तेव्हा मात्र रीत मोडली. पोळ्याचं मूळ उपकाराच्या आठवणीत असेल, तर आजीला वगळणं हाच कृतघ्नपणा नव्हे का? बैलानं कुंकू बघून कधी कुणाच्या हातची वैरण नाकारली नव्हती.

चुलतीलाही वाईट म्हणवत नाही. तिला भीती वाटते, आणि ती तिला तिच्या आईकडून आली आहे. पिढ्यांतून मायेसारखी भीतीही उतरते. येत्या पोळ्याला ती येईल की नाही, सांगता येत नाही. पान मात्र तिचं मांडायचं, असं आजीनं आधीच सांगून ठेवलंय.