कौतुकाचा फळा

सातारा-सांगली पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिरले की व्हरांड्यात एक फळा हमखास दिसतो. वर सुविचार, खाली पट आणि उपस्थिती, आणि उरलेल्या जागेत महिन्याचे वृत्त. केंद्रस्तरीय स्पर्धेत लंगडीचा संघ विजयी, वक्तृत्वात तिसरीतली मुलगी पहिली, शिष्यवृत्तीला अमुक जण पात्र, नवोदयला एकाची निवड. हेच वृत्त आता फोटोसह पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाते आणि निकालाच्या दिवसांत एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर चढते. नवोदय म्हणजे साताऱ्याला खावली, सांगलीला पलूस. शिवाय देशातले पहिले सैनिक स्कूल 1961 साली साताऱ्यातच सुरू झाले. त्यामुळे सहावीच्या प्रवेशाची धास्ती इथल्या घरांत चौथीपासूनच शिरलेली असते.

मुलाचे नाव फळ्यावर झळकण्यात वाईट काहीच नाही. आईने शाळेत आल्यावर तिथे मुद्दाम रेंगाळावे, आजोबांनी पारावर चारचौघांना सांगावे, हे सुख कोणी हिरावून घेऊ नये. प्रश्न फळ्यावरच्या जागेचा आहे. ती कोणाला मिळते आणि कशावरून?

साताऱ्यात या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात 1914 या क्रमांकासमोर भिवा रामजी आंबेडकर असे नाव आहे. प्रवेशाची तारीख 7 नोव्हेंबर 1900, वर्ग इंग्रजी पहिली. राज्य शासनाने 2017 मध्ये हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला आणि रजिस्टरातली ती ओळ महाराष्ट्रभर पोचली. भिवा 1904 पर्यंत या शाळेत होता. त्या चार वर्षांत शाळेने महिन्याचे वृत्त लिहिले असते, तर त्यात त्याचे नाव आले असते का?

बाबासाहेबांनीच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांमध्ये बसायची त्यांना मुभा नव्हती. जागा कोपऱ्यात, एकट्याची. बसायला तरटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्या तरटाला हात लावत नसे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला तर घसा कोरडा. या हकिकतीतला पाण्याचा भाग सर्वांच्या लक्षात राहतो, क्रमांकाचा सहसा राहत नाही. वर्गात गुणवत्तेची क्रमवारी होती. त्या क्रमवारीत कोणाला धरायचे, हे मात्र गुण पडण्याआधीच ठरलेले होते.

तरट गेले, शिवाशिव पाळणे गुन्हा ठरले. क्रमवारीचे आकर्षण मात्र टिकून आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा नको म्हटले, मुलाला भीती आणि ताणापासून मुक्त ठेवा म्हटले. त्यापाठोपाठ 2010 मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रगतिपुस्तकात श्रेणी आली, वर्णनात्मक नोंदी आल्या. पहिला-दुसरा नंबर कागदावरून उतरला आणि फ्लेक्सवर जाऊन बसला! शिष्यवृत्ती परीक्षा 1954-55 पासूनची. दोन पेपर, तीनशे गुण. मधली काही वर्षे ती पाचवी-आठवीला होती, आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. गरीब घरातल्या हुशार मुलाला हात देणारी ही परीक्षा चांगलीच आहे. पण तिच्या जादा तासाला कोणाला बसवायचे हे जूनमध्येच ठरत असेल आणि ‘पाच बसवले, पाचही पात्र’ अशी बातमी पुढे फळ्यावर येत असेल, तर न बसवलेल्या पंधरांची बातमी कुठे लिहायची? शंभर टक्के निकाल आणि निवडून घेतलेली मुले यांचे नाते गुरुजींना ठाऊक असते, मुलांनाही ठाऊक असते. फ्लेक्स वाचणाऱ्याला तेवढे ठाऊक नसते.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव हे नाव 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमुळे घरोघरी पोचले. आईवडील मजुरी करणारे, घर म्हणजे नाल्याकाठची झोपडी. प्रवीणही पुढेमागे मजुरीलाच जायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळवले, तेही तिरंदाजीकडे नव्हे, धावण्याकडे. पोरगा कुपोषित, पळताना दमायचा. गुरुजींनी त्याच्या खाण्यापिण्याकडे आणि खर्चाकडे लक्ष दिले. पुढे क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली आणि तिथे हाती धनुष्य आले. वाट तिथेही सरळ नव्हती. कामगिरी खालावल्याने प्रबोधिनीतून बाहेर पडायची वेळ जवळजवळ आली होती. 2019 च्या जागतिक स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने रौप्यपदक मिळवले, त्या संघात प्रवीण होता. टोकियोच्या मानांकन फेरीत तो 31 वा, म्हणजे भारतीय पुरुषांमध्ये सर्वांत वर राहिला.

टोकियोनंतर सरडे गावाने आणि शाळेने अभिमान मिरवला, आणि का मिरवू नये? पण ज्या महिन्यात एका शिक्षकाने एका अशक्त पोराच्या पोटाची चौकशी केली, त्या महिन्याच्या फळ्यासाठी काही बातमीच नव्हती. पदक नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो काढण्यासारखे काही नाही. शाळेची खरी कामगिरी बहुधा अशाच महिन्यांत होते आणि दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी छापील बातमीत एका वाक्याने उगवते. शिवाय समजा, प्रवीण ऑलिंपिकला गेलाच नसता. तो पोट भरून शाळेत आला, दहावी-बारावी झाला आणि कुठे नोकरीला लागला असता, तर गुरुजींच्या त्या कामाची किंमत कमी झाली असती काय?

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाने, कामगिरी मोजण्याची रीतच थोडी बदलून पाहिली. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवला. मुले जमिनीवर गटागटाने बसली, फरशीवर आखलेल्या चौकटींत शब्द आणि अंक मांडू लागली. गुरुजी-बाई खुर्चीतून उठून मुलांत येऊन बसल्या. इथे कोण पहिला आला असे विचारत नसत, कोणाला अजून येत नाही असे विचारत. हे पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येऊ लागल्या. जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, तेव्हा कुमठ्याचे उदाहरण सर्वांपुढे होते. नंतर अनेक ठिकाणी फरश्या रंगल्या आणि शिकवणे मात्र पूर्वीसारखेच राहिले, हेही सांगायला हवे. रंगाचा फोटो निघतो. मागे राहिलेल्या मुलाजवळ रोज वीस मिनिटे बसण्याचा फोटो काढून कोणाला पाठवणार?

सांगलीकडे कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत मुले पुस्तक-वही घेऊन बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हातात गेलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थांनी ऑगस्ट 2022 मध्ये हे ठरवले. सुरुवातीला अंगणवाडीसेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. काहींनी चेष्टाही केली. या उपक्रमात कोणाचाच पहिला नंबर येत नाही, आणि तरीही गावाची बातमी परदेशापर्यंत गेली. मोठ्यांनी आपली मालिका दीड तास बाजूला ठेवली, हा यातला अवघड भाग. मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणणे त्यामानाने फुकटात होते.

दिवाळीच्या आगेमागे या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. अशा मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे. गावच्या शाळेने ते द्यायचे, फडाजवळच्या शाळेने त्यावरून मुलाला वर्गात घ्यायचे आणि हंगाम संपताना तो काय शिकला याची नोंद करून परत पाठवायचे. नियम चांगला, पण त्याचे चालणे एखाद्या बाईंच्या चिकाटीवर. कोपीवर जाऊन पोरांना बोलावायचे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला त्या भावंडासकट वर्गात बसवायचे. हा मुलगा किंवा मुलगी शिष्यवृत्तीला बसत नाही, स्नेहसंमेलनाच्या नाचात नसते आणि मार्चच्या आगेमागे पटावरून जाते. या चार-पाच महिन्यांत ती हातच्याची वजाबाकी शिकली, तर ती बातमी कोणत्या शाळेने फळ्यावर लिहायची, बीडच्या की सांगलीतल्या वाळव्याच्या? दोन्हींनी लिहिली तरी काही बिघडत नाही.