न पाहिलेले सोबती

मैत्रीला प्रत्यक्ष भेट अत्यावश्यक असते काय? घरातील मूल संगणकावरील खेळात तासन्‌तास गढून गेले की ते एकलकोंडे झाले, असा निवाडा आपण देऊन मोकळे होतो. नॉर्वेच्या मॅट्स स्टीन या तरुणाची कहाणी तो निवाडा पुन्हा तपासावयास लावते.

स्नायू क्षीण करीत जाणाऱ्या डुशेन व्याधीमुळे मॅट्सला चाकांच्या खुर्चीवर जगावे लागले. २०१४ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, तो निवर्तला. मुलास मैत्री लाभलीच नाही, हे आईवडिलांचे शल्य होते. वडिलांनी निधनाची वार्ता इंटरनेटवर कळविली आणि देशोदेशींहून सांत्वनपत्रे आली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळातील 'स्टारलाईट' मंडळात तो 'इबेलिन' नावाने वावरत असे. एका आईला तिच्या स्वमग्न मुलाशी जवळीक साधण्याची वाट त्याने दाखविली होती. काही सोबती तर परदेशांतून अंत्यविधीस आले.

आपले आजारपण त्याने दीर्घकाळ लपविले. मग हे नाते खोटे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याचे दुःख त्याने ऐकून घेतले, ते ऐकणे खरेच होते. मात्र लपविण्याचे मोलही त्याने मोजले. त्याचे ओझे वाटून घेण्याची संधी सोबत्यांना उशिरा मिळाली.

तेव्हा किती वेळ खेळलास, एवढेच न विचारता, कोणासोबत खेळलास, हेही आम्ही मुलांना विचारावे. आणि उत्तर ऐकण्यास सवड काढावी.