जोखीम नेमकी कोणाची?

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये दर वर्षी ड्राफ्ट होतो. ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंतून आळीपाळीने निवड करतात आणि आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. त्याला बहुधा क्वार्टरबॅकच हवा असतो, कारण जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. एक चांगला क्वार्टरबॅक मिळाला की संघाची दहा-पंधरा वर्षांची चिंता मिटते. अशा वेळी त्याचं मैदानाबाहेरचं वागणं किती मोजायचं?

या प्रश्नावर दोघं बोलत आहेत अशी कल्पना करू. एक आहे आयुष्यभर खेळाडू पारखत आलेला स्काउट. दुसरी नीतिशास्त्राची प्राध्यापिका.

स्काउटनं १९८३ सालापासून सुरुवात केली. "डॅन मारिनोबद्दल अमली पदार्थांच्या वावड्या उठल्या होत्या. पुरावा काहीच नव्हता, तरी संघ बिचकले. त्याच्याआधी पाच क्वार्टरबॅक निवडले गेले, तो गेला २७व्या क्रमांकावर, मायामीकडे. दुसऱ्याच हंगामात त्यानं ५,०८४ यार्ड फेक केली. तोवर पाच हजारांपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं. चारित्र्याच्या नावाखाली आम्ही पुष्कळदा कुजबुजच मोजतो."

"म्हणजे चारित्र्य मोजूच नये?"

"तसं कसं म्हणू? २०१४ मध्ये क्लीव्हलंडनं जॉनी मॅन्झिलला २२व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या बेबंद राहणीची चर्चा आधीपासून होती. पहिल्या हंगामानंतर तो उपचारकेंद्रात गेला आणि मार्च २०१६ मध्ये संघानं त्याला सोडलं. तिथे इशारे खरे होते."

"पण या दोन्ही निवडींत तुम्ही सांगितलंत ते नुकसान संघाचं किंवा खेळाडूचं," प्राध्यापिका म्हणाली. "तुमचा अंदाज चुकला, तुम्ही भोगलंत. मला जेमिस विन्स्टनबद्दल विचारायचंय."

विन्स्टननं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाकडून खेळताना महाविद्यालयीन फुटबॉलमधली मानाची हाइझमन ट्रॉफी २०१३ मध्ये जिंकली होती. एका विद्यार्थिनीनं त्याच्यावर बलात्काराचा आरोप केला होता. त्यानं तो नाकारला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं. २०१५ मध्ये टॅम्पा बेनं त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं. पुढे २०१८ मध्ये लीगनं त्याला तीन सामन्यांसाठी निलंबित केलं. २०१६ मध्ये एका उबर चालक महिलेला त्यानं संमतीविना लैंगिक हेतूनं स्पर्श केला, असा लीगचा निष्कर्ष होता.

"आरोप म्हणजे गुन्हा नव्हे," स्काउट म्हणाला. "खटलाच झाला नाही, तर आम्ही न्यायाधीश कोण?"

"तुरुंगात टाकायला जेवढा पुरावा लागतो, तेवढाच पहिला क्रमांक नाकारायलाही लागतो का? तो काही कोणाचा हक्क नाही. लीगची आचारसंहितासुद्धा कोर्टाच्या शिक्षेसाठी थांबत नाही."

"मग प्रत्येक आरोपातून नवा मारिनो तयार होईल."

"नाही होणार. वावडीला कोणी धनी नसतो. तक्रारीला असतो. तिथे दिवस असतो, जागा असते, प्रश्न विचारता येईल असं माणूस असतं. तुम्ही चौकशीत कोणाकोणाशी बोलता?"

"प्रशिक्षक, सहखेळाडू, शिक्षक, कुटुंब."

"म्हणजे बहुतेक त्याच्या बाजूचीच माणसं. आणि तुमची जोखीम फसली तेव्हा किंमत कोणी मोजली? त्या चालक महिलेनं. तिला तुमच्या हिशेबात जागाच नव्हती."

स्काउट थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं देशॉन वॉटसनचं नाव घेतलं. २०१७ मध्ये ह्यूस्टननं निवडलेल्या या तरुणानं हार्वी वादळानंतर आपलं पहिल्या सामन्याचं मानधन स्टेडियमच्या उपाहारगृहातल्या तीन कर्मचाऱ्यांना दिलं होतं. २०२१ मध्ये वीसहून अधिक महिलांनी त्याच्याविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले. त्यानं आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण लीगनं ११ सामन्यांचं निलंबन आणि ५० लाख डॉलरचा दंड केला. "ड्राफ्टच्या दिवशी तो आदर्श होता. आम्ही काय ओळखणार?"

"२०१७ च्या निवडीला मी दोष देत नाही. पण मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलंडला हे दावे माहीत होते. तरी त्याला घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी सोडल्या आणि २३ कोटी डॉलरच्या कराराची पूर्ण हमी दिली. तिथे अज्ञान कुठे होतं?"

"पण विन्स्टनला टॅम्पानं सोडलं असतं तर दुसऱ्या कोणीतरी लगेच घेतलं असतं. शहर बदललं असतं, एवढंच."

"खरं आहे," ती म्हणाली. "म्हणून हे एकेका संघाच्या विवेकावर सोडता येत नाही. लीगनं ड्राफ्टआधी स्वतंत्र चौकशी करावी, तक्रार करणारीला बोलायचं असेल तर तिचं ऐकावं आणि निष्कर्ष ३२ही संघांपुढे ठेवावा."

"तो मुलगा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा असतो. लीगशी त्याचा करारसुद्धा झालेला नसतो. त्या चौकशीत त्याला वकील मिळेल? निष्कर्ष चुकीचा ठरला तर अपील कोणाकडे करायचं?"

"वकील मिळायलाच हवा," ती म्हणाली, "आणि अपील लीगच्या बाहेरच्या माणसाकडे. मालकांच्या पगारावरचा माणूस यात तटस्थ राहील, असं तुम्हाला तरी वाटतं का?"