थेंब आणि तवंग

सैलसर बसा. डोळे उघडे असू द्या, पण कशावर रोखू नका. समोर जे आहे ते दिसू द्या. पापणी लवेल तेव्हा लवू द्या. अडवू नका आणि मुद्दाम मिटूही नका.

मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा ती खाली येते आणि वर जाते. वरची पापणी उतरते, खालच्या कडेला टेकते न टेकते तोच परत निघते. वर जाताना ती बुबुळावर ओलाव्याचा एक ताजा थर पसरवून जाते. आपल्याला जे काही दिसतं, आईचा चेहरा असो की या ओळी, ते आधी त्या थरातून येतं आणि मग डोळ्यात शिरतं. श्वासाकडे लक्ष देण्याची सवय अनेकांना असते. आज थोडा वेळ या थराकडे लक्ष देऊ.

त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. तेवढ्यात बुबुळाला बिलगलेला म्युसिन नावाचा चिकट पदार्थ आहे; तो पाण्याला धरून ठेवतो. त्याच्यातच मिसळलेलं अश्रूंचं पाणी आहे, क्षार आणि प्रथिनं सोबत घेऊन. आणि सगळ्यांत वर तेल. हे तेल पापणीच्या कडेतल्या बारीक ग्रंथींतून झिरपतं. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. चांगल्या उजेडात आरशासमोर खालची पापणी जराशी ओढून पाहिली, तर केसांच्या आतल्या बाजूला त्यांची तोंडं एका ओळीत ठिपक्या-ठिपक्यांनी दिसू शकतात.

या तेलाचा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा, बहुधा त्याहूनही विरळ. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच्या पाण्यात गाडीचं तेल सांडलं की इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. तसेच रंग या तवंगावरही यंत्रातून पाहता येतात. इतका विरळ तवंग खालचं पाणी उडून जाऊ देत नाही.

आता डोळ्यांना काही त्रास नसेल तर एकदाच असं करा. पापणी लवू द्या आणि त्यानंतर जमेल तेवढा वेळ डोळे उघडे ठेवा. स्पर्धा नाही, ताणायचंही नाही. कुठे तरी आधी गारवा जाणवेल, मग बारीक टोचणी सुरू होईल. कुठे सुरू झाली तेवढं पाहा आणि डोळे मिटा. तो थर आता फाटायला लागला होता. डॉक्टर हेच स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्राखाली पाहतात: फ्लुरेसीनचा रंग लावून निळा प्रकाश टाकला की हिरव्या चकाकत्या थरात काळे डाग उमटतात. पहिला डाग दहा सेकंदांच्या आत आला तर थर कमजोर आहे असं समजतात. पापणी पुन्हा उतरली की तो पुन्हा सांधला जातो. दिवसभर, आपल्याला न विचारता.

डोळे मिटलेलेच असू द्या, आणि मनात औषधाची एक छोटी बाटली आणा. तिच्या टोकाशी जमत आलेला थेंब पाहा.

डोळ्यात एका वेळी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा, म्हणजे डोळ्यातल्या सगळ्या ओलाव्याच्या कितीतरी पट. क्षणभर डोळ्यात पूर येतो. काही गालावर ओघळतं, काही नाकाकडच्या कोपऱ्यातल्या छिद्रांतून नाकात आणि घशात उतरतं. औषधाची कडवट चव लागते ती म्हणूनच. दोन थेंब टाकल्यानं दुप्पट औषध मिळत नाही. दुसरा थेंब पहिल्याला घेऊन बाहेर पडतो.

पूर ओसरल्यावर मागे काय उरतं, हे थेंबात काय घातलंय त्यावर ठरतं. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज पाण्याला दाटपणा देतं, म्हणून ओलावा अधिक वेळ टिकतो, आणि थोडा वेळ धूसर दिसतं ते त्या दाटपणामुळे. हायल्युरोनेट मला विशेष आवडतं. पापणी फिरते तेव्हा ते पातळ होतं आणि डोळा उघडा राहिला की पुन्हा दाट होतं. आपले अश्रूही काहीसे असेच वागतात. ज्यांच्या डोळ्यात पाणी पुरेसं आहे पण तेल कमी, त्यांच्यासाठी तेल मिसळलेले थेंब असतात.

आता बाटलीवरच्या बारीक अक्षरांकडे या. इथे मात्र थांबून राहू. ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या शब्दापुढे बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव असतं, प्रमाण बहुधा ०.०१ टक्क्याच्या आसपास. बाटली उघडली की महिनाभर तिला हवा लागते, तिचं टोक कधी पापणीला तर कधी बोटाला लागतं. त्यातून शिरलेल्या जंतूंना हे रसायन मारतं. ते साबणाच्या जातकुळीतलं आहे, जंतूंचं स्निग्ध आवरण फोडून काम करतं. पण तेलाचा तवंगही स्निग्धच. बेन्झाल्कोनियम तोही विस्कटतं. थर लवकर फाटतो, पाणी लवकर उडतं. वर्षानुवर्षं वापर झाला तर म्युसिन बनवणाऱ्या पेशीही घटतात आणि बुबुळाचा पृष्ठभाग दुखावतो.

आठवडाभराच्या औषधानं यातलं फारसं काही जाणवत नाही. पण काचबिंदूच्या एखाद्या रुग्णाला मनात आणा: तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी. रोज, सकाळ-संध्याकाळ, कधी दोन-दोन बाटल्या, आणि हे जन्मभर. डोळ्याचा दाब आटोक्यात आहे, डॉक्टर समाधानी आहेत, आणि ती म्हातारी बाई म्हणते, ‘वाळू गेल्यासारखं खुपतं गं.’ घरचे म्हणतात, वय झालं. तिचं ते वाक्य थोडा वेळ मनात धरून ठेवा. वयाचा वाटा असेलही. पण बाटलीचा वाटा कुणी तपासला का?

लगेच त्या रसायनाचा राग करू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या काही बाटल्यांमधून स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला. काहींची दृष्टी गेली, चार जणांचा मृत्यू झाला. ते थेंब आपल्याच देशात, तमिळनाडूत बनले होते. पुन्हा पुन्हा वापरायच्या त्या बाटल्यांमध्ये पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नव्हतं, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सांगितलं. जंतूंना अडवणारं रसायनच तवंग बिघडवतं आणि ते नसेल तर जीवही जाऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात राहू द्या.

तोडगे आहेत. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्ससारखी सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह आहेत. हे कॉम्प्लेक्स डोळ्यात गेल्यावर मीठ, पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होतं. एकदाच वापरून टाकायच्या इवल्या कुप्या आहेत, जंतूंना आत येऊ न देणाऱ्या झडपेच्या बाटल्याही आहेत. त्या महाग पडतात, हे खरं. तरी जन्मभर थेंब टाकणाऱ्या माणसानं ‘प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मिळेल का?’ असं डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, आणि डॉक्टरांनीही रुग्णाचा डोळा खुपतो का हे आपणहून विचारायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं. काचबिंदूचं औषध मात्र परस्पर बंद करू नका. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

आता डोळे उघडा. दोन-तीनदा पापणी पूर्ण मिटून उघडा, वरची कड खालच्या कडेला नीट टेकेल अशी. मोबाइल पाहताना ती अर्ध्यातूनच परत फिरते आणि लवतेही कमी.

आज थेंब टाकायचे असतील तर हात धुऊन खालची पापणी हलकेच ओढा, बाटलीचं टोक कुठेही लागू न देता एकच थेंब सोडा. मग डोळे मिटा आणि नाकाकडचा कोपरा बोटानं अलगद दाबून धरा, एक-दोन मिनिटं. तेवढा वेळ औषध घशात न उतरता डोळ्यातच राहतं. दुसरी बाटली असेल तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी.